एका डॉलरची सही

 

आज आम्ही एका खेळाबद्दल बोलणार आहोत, टेनिसबद्दल. तुम्ही म्हणाल, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस, तूर, सोयाबीन सोडून हे टेनिस कुठून आलं? पण या खेळातल्या बायांनी एक लढाई लढली आणि ती आपल्याला चांगली ओळखीची आहे. मजुरीची लढाई. बाईला कमी, माणसाला जास्त, असं का? हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला आणि पुरा लावून धरला. त्याचं फळ पुढे आपल्या देशाच्या एका लेकीला कसं मिळालं, ते आज सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. मधोमध एक जाळी, जेमतेम कमरेएवढी उंच. दोन्ही बाजूंना खेळाडू. हातात रॅकेट. चेंडू जाळीवरून पलीकडे मारायचा आणि तो आखलेल्या रेषांच्या आत पडला पाहिजे. मैदान ७८ फूट लांब असतं, त्याला कोर्ट म्हणतात. गुण मोजत मोजत एक गेम होतो, सहा गेम जिंकले की एक सेट. दोघांचे गेम बरोबरीत चालले तर सेट लांबतो. बायांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकणारी जिंकते. एकटीनं खेळली तर एकेरी, जोडीनं खेळली तर दुहेरी. बाई आणि पुरुष जोडीनं खेळले तर मिश्र दुहेरी.

या खेळातली सगळ्यात जुनी आणि मानाची स्पर्धा लंडनमध्ये विंबल्डनला भरते. १८७७ मध्ये ती सुरू झाली ती फक्त पुरुषांसाठी. बायांना तिथे खेळायला मिळालं १८८४ पासून. पहिल्या विजेत्या बाईला बक्षीस काय दिलं, ठाऊक आहे? चांदीची फुलांची परडी. पुरुषाला सोन्याचं बक्षीस. म्हणजे फरक पहिल्याच दिवसापासून होता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पंडिता क्षमा राव हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८९० मध्ये पुण्याचा. वडील शंकर पांडुरंग पंडित, संस्कृतचे मोठे विद्वान. तुकोबांच्या अभंगांची गाथा १८६९ मध्ये छापून निघाली, तिच्या संपादनात त्यांचा हात होता. क्षमाबाई लहान असतानाच वडील गेले. पण मुलीनं विद्या सोडली नाही. पुढे त्यांनी स्वतः संस्कृतात काव्यं लिहिली. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं संस्कृत पद्यात रचली. गांधीजींच्या सत्याग्रहावर 'सत्याग्रहगीता' लिहिली, ती १९३२ मध्ये पॅरिसला छापली गेली. आठवा, १९३० च्या त्याच चळवळीत आपल्या जिल्ह्यात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला होता.

या क्षमाबाई टेनिसही खेळायच्या. ज्या काळात घरातल्या बाईनं मोठ्यानं हसलं तरी लोक वळून बघायचे, त्या काळात. आणि त्यांची मुलगी लीला राव, जन्म १९११ चा, तिनं आईच्या पुढचं पाऊल टाकलं. अखिल भारतीय स्पर्धा तिनं एकापेक्षा जास्त वेळा जिंकली. १९३४ मध्ये ती विंबल्डनला खेळली. पहिल्या सामन्यात समोर होती ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीलाताई हरल्या, ४-६. दुसरा सेट लांबत लांबत गेला आणि त्यांनी तो १०-८ असा ओढून आणला. तिसरा ६-२ नं सरळ जिंकला. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई म्हणून त्यांचं नाव लागलं. पुढच्या फेरीत त्या हरल्या, पण दार उघडलं होतं.

पुढे लीलाताईंनी नृत्यावर ग्रंथ लिहिले, आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं रचली. भरलेलं आयुष्य जगल्या. पण टेनिसनं त्यांना एक पैसाही मिळवून दिला नाही. मिळवून देणार तरी कसा? त्या काळी नियमच तसा होता. मोठ्या स्पर्धांत खेळायचं तर हौशी म्हणूनच खेळायचं. खेळाचे पैसे घेतले की त्या स्पर्धेचं दार बंद. बोटीनं आठवडेच्या आठवडे प्रवास करून विलायतेला जायचं, राहायचं, खायचं, हे सगळं घरच्या पैशावर. लीलाताईंचे वडील मुंबईतले डॉक्टर होते, घरात शिक्षण होतं, आई पाठीशी उभी होती, म्हणून त्या जाऊ शकल्या. ज्या पोरीच्या घरी हे नव्हतं, तिच्या हातात कितीही कसब असलं तरी ती कोर्टापर्यंत पोचलीच नाही. अशा किती पोरी असतील, त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

मैत्रिणींनो, हौसेचं काम आणि पोटाचं काम यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. ज्या कामाला दाम नाही, ते काम एकतर श्रीमंत करतो, नाहीतर बाई करते. लीलाताईंच्या काळचं टेनिस श्रीमंतांचं होतं, ते एवढ्यासाठीच.

हा नियम १९६८ मध्ये बदलला. मोठ्या स्पर्धा सगळ्यांना खुल्या झाल्या आणि बक्षीस म्हणून रोख पैसे द्यायला सुरुवात झाली. झालं, आता खेळावर पोट भरता येईल, असं बायांना वाटलं. पण पहिल्याच वर्षी विंबल्डनमध्ये काय झालं ते ऐका. पुरुषांत रॉड लेव्हर जिंकला, त्याला २,००० पौंड. बायांत अमेरिकेची बिली जीन किंग जिंकली, तिला ७५० पौंड. दोघांनी तीच स्पर्धा, त्याच हिरवळीवर, त्याच पंधरवड्यात जिंकलेली. १९७० मध्ये इटलीतल्या स्पर्धेत तर पुरुष विजेत्याला ३,५०० डॉलर आणि बाईला ६०० डॉलर. जवळजवळ सहापट फरक.

बायांनी आयोजकांना विचारलं तेव्हा उत्तर ठरलेलं होतं. पुरुषांचा खेळ जड असतो. ते पाच सेट खेळतात, तुम्ही तीनच. लोक तिकीट काढून येतात ते पुरुषांना बघायला. तुम्हाला घर चालवायचं नाही, त्यांना चालवायचं असतं. ही उत्तरं ऐकून तुम्हाला कुणाची आठवण आली असेल, तर ती आम्हालाही आली.

मग १९७० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ह्यूस्टन नावाच्या शहरात नऊ बाया एकत्र आल्या. सात अमेरिकेच्या, दोन ऑस्ट्रेलियाच्या. बिली जीन किंग त्यांच्यात होती. एका टेनिस मासिकाची संपादक ग्लॅडिस हेल्डमन त्यांच्या बाजूनं उभी राहिली. या नऊ जणींनी ठरवलं की पुरुषांच्या स्पर्धेच्या आडोशाला राहून तुकडे वेचायचे नाहीत, आपली स्पर्धा आपण भरवायची. त्यांनी करारावर सह्या केल्या. करार कितीचा? एका डॉलरचा. एक-एक डॉलरच्या नोटा हातात धरून त्यांनी फोटो काढला. तो फोटो आजही जगभर दाखवतात.

एक डॉलर म्हणजे काहीच नाही, पण जोखीम मोठी होती. खेळाच्या संघटनेनं बजावलं होतं की सह्या केल्या तर मोठ्या स्पर्धांतून बाहेर काढू. म्हणजे हातचं होतं तेही जाणार. त्यांना पैसा पुरवायला पुढे आली ती एक सिगारेट कंपनी. आज आपण खर्रा आणि तंबाखूच्या विरोधात बोलतो, तेव्हा हे ऐकून बरं वाटत नाही. पण तेव्हा त्यांच्या मदतीला दुसरं कुणी आलं नव्हतं, हेही खरं. जे घडलं ते आम्ही तसंच सांगतो.

पुढची तीन वर्षं घाईची होती. १९७२ मध्ये बिली जीन अमेरिकेची मोठी स्पर्धा जिंकली. तिला १०,००० डॉलर मिळाले, पुरुष विजेत्याला २५,०००. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बक्षीस सारखं नसेल तर मी येणार नाही. १९७३ च्या जूनमध्ये लंडनमध्ये खेळाडू बायांनी आपली संघटना काढली. आणि त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेनं दोन्ही विजेत्यांना सारखे २५,००० डॉलर दिले. मोठ्या चार स्पर्धांपैकी पहिलीनं हे मान्य केलं होतं.

त्याच वर्षी बॉबी रिग्ज नावाचा एक जुना विजेता खेळाडू फुशारकी मारत होता की बाई कितीही मोठी असो, मी पंचावन्नाव्या वर्षीही तिला हरवीन. बिली जीन त्याच्याशी खेळली. २० सप्टेंबर १९७३, पुन्हा ह्यूस्टन. मैदानात ३०,००० हून जास्त माणसं आणि टीव्हीसमोर कोट्यवधी. ती ६-४, ६-३, ६-३ अशी सरळ जिंकली. लोक फक्त पुरुषांना बघायला येतात म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं.

पाच सेट आणि तीन सेट यावरही थोडं बोलू, कारण हा मुद्दा वरवर खरा वाटतो. बायांची संघटना म्हणाली, आम्ही पाच सेट खेळायलाही तयार आहोत, तुम्ही खेळू द्या. दुसरं म्हणजे, एखादा पुरुष सामने पटापट संपवून जिंकला तर त्याचं बक्षीस कापतात का? नाही. मग पैसा वेळेवर मोजत नव्हतेच. तो मोजत होते कोण खेळतंय त्यावर.

आपल्याकडे बघा. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. काट्यावर कापूस ठेवला की तो बाईनं वेचला की माणसानं, हे काटा विचारत नाही. पण काम रोजानं असलं की लगेच दोन दर होतात. म्हणजे माप समोर असलं की फरक करता येत नाही. माप हटवलं की फरक सुरू होतो.

विंबल्डनला मात्र हे पटायला फार वर्षं लागली. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेनं २००१ मध्ये समान बक्षीस मान्य केलं, विंबल्डन अडून राहिलं. २००५ मध्ये अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी व्हीनस विल्यम्स ही अमेरिकेची खेळाडू आयोजकांच्या बैठकीत गेली. दुसऱ्या दिवशी सामना, आणि ही बाई बैठकीत मजुरीचं बोलतेय. तिनं त्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं की तुम्ही एक लहान मुलगी आहात असं समजा. रोज मेहनत करून मोठी होताय, आणि एका टप्प्यावर कुणीतरी सांगतं की तू मुलगी आहेस म्हणून तुला कमी. २००६ मध्ये पुरुष विजेत्याला ६,५५,००० पौंड होते आणि बाईला ६,२५,०००. फरक थोडाच उरला होता. थोडा फरक का ठेवायचा, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. अखेर २००७ मध्ये विंबल्डननं दोघांना सारखे ७,००,००० पौंड दिले. त्या वर्षी बायांत जिंकली ती व्हीनसच.

चांदीच्या परडीपासून इथपर्यंत यायला १२३ वर्षं लागली.

या सगळ्याचं फळ आपल्या देशात कुणाला मिळालं? आपल्या पांढरकवड्यावरून, पाटणबोरीवरून जो मोठा रस्ता आदिलाबादकडे जातो, तोच पुढे हैदराबादला पोचतो. त्या हैदराबादची सानिया मिर्झा. जन्म मुंबईचा, १५ नोव्हेंबर १९८६ चा. वाढली हैदराबादला. सहा वर्षांची असताना रॅकेट हातात घेतलं. तेव्हा तिथे चांगली कोर्टं नव्हती. शेणानं सारवलेल्या कोर्टावर ती शिकली. हो, आपण अंगण सारवतो तसंच. जमीन घट्ट राहते, धूळ उडत नाही, चेंडू उसळतो.

लोक तिच्या आईवडिलांना म्हणायचे, पोरगी उन्हात काळी पडेल, मग लग्न कोण करेल? हे सानियानं स्वतः पुष्कळदा सांगितलं आहे. आईवडिलांनी ऐकून घेतलं आणि पोरीला खेळू दिलं. २००३ मध्ये विंबल्डनला मुलींच्या दुहेरीत ती जिंकली. २००५ मध्ये हैदराबादलाच मोठी व्यावसायिक एकेरी स्पर्धा जिंकली, असं करणारी ती पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत गेली. २००७ मध्ये एकेरीत जगात २७ वी आली.

मग मनगट दुखायला लागलं. २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. ज्या हातावर पोट, तोच हात. निंदताना, वेचताना मनगट धरतं तेव्हा काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एकेरीचा ताण झेपेना म्हणून पुढे तिनं दुहेरीवर भर दिला. लोक म्हणाले, संपली. पण दुहेरीत ती आणखी वर गेली. मिश्र दुहेरीत महेश भूपतीबरोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाची आणि २०१२ मध्ये फ्रान्सची स्पर्धा जिंकली. २०१४ मध्ये ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकेची. मग स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसशी जोडी जमली आणि एप्रिल २०१५ मध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली आली.

त्याच वर्षी जुलैत विंबल्डनचा अंतिम सामना. समोर रशियाची जोडी. पहिला सेट गेला, दुसरा कसाबसा मिळाला. तिसऱ्यात २-५ नं मागे. आणखी एक गेम गेला असता तर खेळ खलास. तिथून दोघींनी ५-५ केले. अंधार पडत होता, म्हणून खेळ थांबवून मैदानावर छत ओढलं, दिवे लावले. आणि ७-५ नं सामना जिंकला. विंबल्डनमध्ये बायांच्या दुहेरीत जिंकणारी ती पहिली भारतीय. पुढे अमेरिकेची आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाची स्पर्धाही या जोडीनं जिंकली. सगळ्या मिळून सहा मोठ्या स्पर्धा. कारकिर्दीत बक्षिसांतून तिनं ७० लाख डॉलरहून जास्त कमावले, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावावर.

२०१८ मध्ये तिला मुलगा झाला. लोक पुन्हा म्हणाले, आता संपली. तिनं वजन ८९ किलोवरून ६३ वर आणलं आणि जानेवारी २०२० मध्ये परतल्यावर पहिलीच स्पर्धा जिंकली, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला. यात तिची जिद्द आहेच. पण नियमाचाही वाटा आहे. बायांच्या संघटनेनं २०१८ च्या शेवटी नियम सुधारला की बाळंतपणामुळे थांबलेल्या खेळाडूचा जुना क्रमांक परत येताना धरायचा, आणि त्यासाठी तिला बाळ झाल्यापासून तीन वर्षांची मुदत. म्हणजे बाळ झालं म्हणून रांगेत पार मागे उभं राहायचं नाही. अशा नियमासाठी आधी संघटना लागते, आणि ती संघटना १९७३ मध्ये लंडनला बायांनीच उभी केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये, छत्तीस वर्षांची असताना, सानियानं दुबईला शेवटचा सामना खेळला.

आपल्या महाराष्ट्राच्या पोरीही या वाटेवर आल्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाच्या जोडीनं कांस्यपदक घेऊन आली, २०१६ मध्ये दोघी ऑलिम्पिकला खेळल्या. ऋतुजा भोसलेनं २०२३ च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर सुवर्णपदक मिळवलं. बार्शी म्हणजे मुंबई नव्हे, बाजाराचं गाव आहे. लीलाताईंच्या काळी तिथल्या मुलीनं हा विचारही केला नसता.

पण सगळं जमलं, असं आम्ही म्हणणार नाही. समान बक्षीस चारही मोठ्या स्पर्धांत आहे. त्याखालच्या कितीतरी स्पर्धांत अजून फरक आहे. आणि पहिल्या शंभरात नसलेल्या खेळाडूचा विमान, मुक्काम, प्रशिक्षक यांचा खर्चच बक्षिसापेक्षा जास्त होतो. तिला आजही घरच्या पैशावर नाहीतर मदतीवर खेळावं लागतं. वरच्या पायरीवर समान दाम आलं, खालच्या पायऱ्यांवर काम बाकी आहे.

आपल्याकडे उलटं झालं आहे. आपल्या देशात समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, म्हणजे विंबल्डनच्या ३१ वर्षं आधी. रोजगार हमीच्या कामावर बाईला आणि माणसाला दर एकच. खंती मोजली जाते, कुणी खणली ते नाही. पण गावातल्या रोजाच्या कामात कायदा बांधावरच थांबतो. निंदण हलकं, म्हणून बाईला कमी. दिवसभर वाकून, भर उन्हात, तासाच्या तास, ते हलकं कसं? हलकं म्हणायचं ते कुणी ठरवलं? विंबल्डनवाल्यांना जो प्रश्न विचारला गेला, तोच हा आहे.

एकटी बाई बोलली तर दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. बिली जीनलाही ठाऊक होतं. म्हणून तर सह्या नऊ होत्या. आणि त्यांनी स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सह्या केल्या, मधेच नाही. आपल्याकडे दर ठरतो तो पाऊस पडल्यावर, गवत माजल्यावर, घाईत. तेव्हा कुणाला बोलायला सवड नसते.

यंदा मृगाच्या आधी तुमच्या गटाच्या एका बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. गावात निंदणाला बाईला किती, माणसाला किती, फवारणीला किती, हे आकडे वहीत लिहा. शेजारच्या गावचेही लिहा. आपल्यातल्या ज्या जणी स्वतः मजूर लावतात, त्यांनीही आपला दर खरा खरा लिहावा. आकडे समोर आले की बोलणं सोपं होतं. जे ठरेल त्याखाली सगळ्या जणींनी सह्या करा, अंगठा असेल तर अंगठा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर तुमच्या वहीत काय लिहिलं गेलं, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.